ताई, लॅपटॉपवर मिंट टाका. टॅलीच्या मशीनला मार्चएंडपर्यंत हात लावू नका

वाचकाचं पत्र

"मी अशोक चौकाजवळ राहते. तीन टॉवेल कारखान्यांचे हिशेब घरी बसून लिहिते. घरात दोन मशीन आहेत. एक डेस्कटॉप, त्यावर हिशेबाचं टॅली आणि कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर. दुसरा मुलाचा जुना लॅपटॉप, पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. तो सुरू होईपर्यंत माझा चहा करून, पिऊन होतो. दोन्हीवर विंडोज १० आहे आणि सपोर्ट संपला असा निरोप सारखा पडद्यावर येतो. दुकानदार म्हणतो, दोन्ही बदला. हिंजवडीचा भाचा म्हणतो, मावशी, लिनक्स टाक, आणि टाकायचं तर आर्चच टाक. मुलगा डिप्लोमाला आहे, त्याला काली हवंय. मी यादी काढायला बसले तर उबुंटू, मिंट, फेडोरा, झोरिन, बॉस अशी नावं निघाली आणि डोकं गरगरलं. पहिलं लिनक्स कोणतं घ्यावं, एवढंच सांगा. आणि माझी जुनी मराठी पत्रं श्रीलिपीत आहेत, ती उघडतील का? गड्ड्याची जत्रा संपली की हे काम हातावेगळं करायचं ठरवलंय."

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, नाव आधी सांगून टाकतो. लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाका. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी सिस्टिम, आणि मिंट, उबुंटू, आर्च, काली हे तिचे प्रकार. डेस्कटॉपवर सध्या काहीच टाकू नका.

डेस्कटॉपचं वाचून भाचा नाराज होईल. होऊ द्या. 'कोणतं लिनक्स' यावर मुलं तासन्‌तास भांडतात, पण ज्याच्या घरात कामाचं मशीन आहे त्यानं आधी हे बघावं की त्या मशीनवर कोणाकोणाचं काय अडकलंय. तुमच्या डेस्कटॉपवर टॅली अडकलंय, प्रिंटर अडकलाय आणि तीन कारखानदारांचं वर्षाचं पुस्तक अडकलंय. लॅपटॉपवर एका पोराचा कॉलेजचा अभ्यास आणि तुमची ईमेल. प्रयोग कुठं करायचा हे यातच आलं.

डेस्कटॉपचं आधी मिटवू. टॅली फक्त विंडोजसाठी बनतं. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायला वाइन नावाची सोय आहे, आणि तिच्यावर टॅली चालवून दाखवणारे लोक भेटतील. त्यांचं कौतुक करा आणि सोडून द्या. मार्चएंडच्या तोंडावर ताळेबंद अडला तर कारखानदार वाइनला फोन करणार नाही, तुम्हाला करणार आहे. शिवाय आयकर खात्याच्या ज्या एक्सेल युटिलिटी असतात त्या मॅक्रोवर, म्हणजे फाइलच्या आतल्या छोट्या प्रोग्रॅमवर चालतात. लिनक्सवर वर्ड-एक्सेलच्या जागी जे लिब्रेऑफिस असतं, त्यात त्या धड चालत नाहीत. जीएसटीची ऑफलाइन टूलही विंडोजसाठीच आहे. पोर्टलवर थेट भरायचं असेल तर मात्र कुठलाही चांगला ब्राउझर चालतो. तुमचे तिघं कारखानदार प्रोप्रायटर किंवा भागीदारीतले असतील, तर रिटर्न मोबाइलवरच्या ओटीपीनं जातं. एखादा प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर त्याला डिजिटल सिग्नेचरचं टोकन लागणारच, आणि ते टोकन ज्या मशीनवर आज चालतंय तिथंच राहू दे.

आता सपोर्टच्या निरोपाबद्दल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे. मशीन बंद पडणार नाही, पण सुरक्षेचे अपडेट थांबतात, आणि ज्या मशीनवर लोकांचे बँकेचे तपशील आहेत तिथं ते चालवून घ्यायचं नाही. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टनं एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही पडत नाहीत. आजच नोंदणी करून टाका. म्हणजे मार्चएंड, मग आयकराचा हंगाम, सगळं निवांत पार पडेल, आणि त्या मशीनचं काय करायचं ते त्या तारखेच्या आत शांतपणे ठरवता येईल. टॅलीसाठी बहुधा विंडोज ११ चालणारं मशीनच घ्यावं लागेल. दुकानदार अर्धा बरोबर आहे तो इथं.

लॅपटॉपच्या बाबतीत मात्र तो चुकतोय. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे पाचव्या पिढीचं मशीन त्या दारातून आत जात नाही. पण ते मशीन म्हातारं झालंय असं नाही. त्याचा चहाइतका वेळ खातेय ती आतली फिरणारी हार्ड डिस्क. ती काढून २.५ इंची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क बसवा, २५६ जीबीची पुरे. कोणतं लिनक्स टाकायचं या वादात जितका फरक पडतो, त्याच्या कितीतरी पट फरक या एका बदलानं पडतो. जमलं तर रॅम ८ जीबी करा. पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला बहुतेक डीडीआर-३-एल जातीची लागते, पण घेण्याआधी दुकानात मागचं झाकण उघडून जुनी पट्टी दाखवा. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, तिथं काही करता येत नाही.

झाकण उघडलंच आहे तर पंखा साफ करून घ्या. यंत्रमागाच्या वस्तीतल्या घरात कापसाचे तंतू पंख्यात आणि जाळीत बसून त्यांचा अक्षरशः नमदा होतो. आतली हवा अडते, प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. पारा चाळिशीपार गेला की ही मशीनं रडतात आणि शिव्या मात्र विंडोजला बसतात. नवी थर्मल पेस्टही लावून घ्या.

आणि आता या सगळ्यातली माझी सर्वांत आवडती गोष्ट. काढलेली जुनी हार्ड डिस्क विकू नका, पुसू नका. तशीच्या तशी कपाटात ठेवा. नवीन एसएसडीवर लिनक्स, जुन्या डिस्कवर तुमचं विंडोज जसंच्या तसं. नाही पटलं तर डिस्क परत बसवली की मशीन पूर्वीसारखं. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायची, ज्याला ड्युअल बूट म्हणतात, ती कसरत नवख्यानं कशाला करायची? त्यात पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, चुकतात, आणि कधी कधी घड्याळही एकमेकांशी भांडतं: विंडोज मशीनच्या घड्याळात इथली वेळ धरतं, लिनक्स ग्रीनिचची, आणि मग अचानक साडेपाच तासांचा फरक दिसायला लागतो. जुन्या डिस्कला एक साधं यूएसबी केसिंग घेतलंत तर तिच्यातल्या फाइली मिंटमधूनही वाचता येतील, विंडोजची डिस्क लिनक्सला कळते. फक्त डिस्क काढण्याआधी शेवटचं शटडाउन शिफ्ट बटण दाबून धरून करा. विंडोज नेहमी अर्धवट झोपतं, पूर्ण बंद होत नाही, आणि अशा झोपलेल्या डिस्कवर लिनक्स लिहायला नकार देऊ शकतं.

मग मिंटच का? तुमच्या यादीतल्या सगळ्यांत कर्नल, म्हणजे आतला गाभा, एकच आहे, लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये सुरू केलेलं. तुमच्याच धंद्यातलं सांगायचं तर सूत एकच, विणणारे आणि काठ वेगळे. डेबियन १९९३ पासून आहे, त्याच्यावर २००४ मध्ये उबुंटू उभं राहिलं, उबुंटूवर २००६ मध्ये मिंट. नवख्याला याचा फायदा असा की उबुंटूसाठी कोणी कुठं उत्तर लिहून ठेवलं असेल तर ते बहुतेक वेळा मिंटलाही लागू पडतं. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर बेतली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे पोराचा डिप्लोमा त्यात निघेल. मेनू डाव्या कोपऱ्यात खाली, पट्टी खाली, घड्याळ उजवीकडे. तुमचा हात आज जिथं जातो तिथंच जाईल. तुम्हाला नवीन संगणक शिकायचा नाहीये, ईमेल बघायचीय.

मिंटचे तीन अवतार आहेत: सिनॅमन, एक्सएफसीई आणि माते. रॅम ८ जीबी केलीत तर सिनॅमन, ४ वरच राहिलात तर एक्सएफसीई. स्वतः मिंटवाले किमान २ जीबी आणि आरामात चालायला ४ जीबी सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. रॅम खातो तो ब्राउझर. लिनक्स टाकलं म्हणून क्रोमची भूक कमी होत नाही; पोरानं वीस टॅब उघडले तर ४ जीबीचं मशीन मिंटवरही धापा टाकेल.

बाकीच्यांचं झटपट. उबुंटू उत्तम आहे, पण पडद्याची मांडणी वेगळी आहे आणि ती शिकायचं तुम्हाला काही कारण नाही. झोरिन विंडोजसारखं दिसतं, मिंट नाही आवडलं तर तेच बघा. फेडोरा मला स्वतःला आवडतं, पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीची साथ साधारण १३ महिने. अपग्रेडचा कंटाळा असणाऱ्या घरात ते नको. बॉस हे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं डेबियनवर बनवलेलं भारतीय लिनक्स, भारतीय भाषांचा विचार त्यात मनापासून केलेला आहे, पण रात्री साडेनऊला काही अडलं तर उत्तर देणारे लोक मिंट-उबुंटूचे जास्त सापडतील. आणि आर्च: भाच्याला सांगा, मावशीनं विचारलंय की अपडेटनंतर पडदा काळा झाला तर तू हिंजवडीहून किती वाजता येशील? आर्चमध्ये आवृत्त्या नसतात, नवं सॉफ्टवेअर तयार झालं की सरळ येत राहतं, आणि काय बदललं ते वाचायची जबाबदारी आपली. ज्याला त्यात रस आहे त्यानं जरूर करावं. त्यांचं विकी मात्र इतकं चांगलं लिहिलेलं आहे की मिंटवालेही गुपचूप तिथंच वाचतात.

टाकण्याआधी चाखून बघायची सोय आहे, ती वाया घालवू नका. मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे बसवायचं सगळं सामान एकत्र बांधलेली फाइल, साधारण ३ जीबीची असते. ती मिंटच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, आणि तिच्यासोबत दिलेली चेकसमची ओळ, म्हणजे फाइल अस्सल आहे का ते ओळखायचा आकडा, भाच्याकडून जुळवून घ्या. हे मी उगीच सांगत नाही: फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साइटच फोडून कोणीतरी खोटी आयएसओ ठेवली होती. खऱ्या फाइलच्या चेकसमशी जुळवली असती तर ती पकडता आली असती. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, रूफस नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं त्यावर आयएसओ चढवा. त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा त्यात लग्नाचे फोटो नाहीत ना ते बघा. मग लॅपटॉप चालू करताना डेल किंवा लेनोव्हो असेल तर एफ-१२, एचपी असेल तर एफ-९ दाबत राहा आणि पेनड्राइव्ह निवडा. मिंट पेनड्राइव्हवरूनच सुरू होईल, डिस्कला हात लागणार नाही. तिथं वायफाय लागतंय का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडलं तर जागं होतं का, एवढं तपासा. वेगावरून मत बनवू नका, पेनड्राइव्हवरून ते संथच चालणार. वायफाय नाहीच लागलं तर मोबाइल यूएसबी केबलनं जोडून टिथरिंग चालू करा, इंटरनेट मिळेल. ड्रायव्हर म्हणजे वायफायसारखा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडला की बहुतेक वेळा हवा तो ड्रायव्हर तोच सुचवतो.

बसवताना तीन ठिकाणी लक्ष द्या. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत टिक करा, नाहीतर पुढं व्हिडिओ अडतात. डिस्क पुसायची का असं विचारेल तेव्हा बिनधास्त हो म्हणा, कारण आत फक्त नवी कोरी एसएसडी आहे. आणि कीबोर्ड निवडताना 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' असा पर्याय शोधा. त्यात उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतं. हिशेब लिहिणाऱ्या बाईला एवढं हवंच.

मराठीचं जरा सविस्तर, कारण तुमचा खरा जीव त्यात आहे हे पत्रावरून कळतं. मिंटवर मराठी वाचायला काही करावं लागत नाही, फॉन्ट सोबत असतात. लिहायला कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडायचं. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा सरकारी कीबोर्ड, येत असेल तर प्रश्नच मिटला, अगदी तीच मांडणी मिळते. 'ए-बी-सी-डी'त बोलीप्रमाणे टाइप करून मराठी उमटवायची सवय असेल, तर आयबस हा टायपिंगची पद्धत बदलणारा प्रोग्रॅम आणि त्याचं एम-सेव्हन्टीन-एन हे पॅकेज बसवा. त्यात मराठीसाठी फोनेटिक आणि मिंग्लिशसारख्या पद्धती आहेत. सुरुवातीला एखादं जोडाक्षर वेगळ्या अक्षरांनी येतं, हात बसायला थोडा वेळ द्या.

श्रीलिपीचं दुखणं वेगळं आहे आणि त्याचा लिनक्सशी संबंध कमी आहे. ती पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाहीत. फाइलमध्ये जे साठवलंय ते संगणकाच्या दृष्टीनं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच आहेत. वर तो फॉन्ट चढवला तरच ती मराठी दिसतात. म्हणून दुसऱ्या मशीनवर, विंडोज असो की लिनक्स, ती कचरा दिसतात. मिंटवर श्रीलिपीचा टायपिंगचा प्रोग्रॅम चालणार नाही. तेव्हा डेस्कटॉप शाबूत आहे तोवरच हे काम उरका: जी पत्रं पुन्हा वापरायची आहेत, म्हणजे कोटेशन, मागणीपत्रं, बँकेचे अर्ज, ती तिथंच युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर रफार, 'ऱ्य'सारखी अक्षरं आणि आकडे डोळ्यांखालून घाला, कन्व्हर्टर तिथंच घसरतात. ज्यांची नुसती नोंद ठेवायची आहे त्यांची पीडीएफ करा. पीडीएफ कुठंही तशीच उघडते. जुन्यांपैकी निम्मी पत्रं कधीच लागणार नाहीत असा माझा अंदाज आहे, ती सरळ सोडा.

वर्डच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो हा त्याच मापाचा फॉन्ट येतो, म्हणून इंग्रजी पत्राच्या ओळी सहसा हलत नाहीत. विंडोजच्या मंगल फॉन्टमधलं मराठी पत्र मात्र दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडेल आणि सही पुढच्या पानावर जाईल. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवा.

प्रिंटर डेस्कटॉपलाच राहू दे. एलबीपी २९०० साठी कॅननचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण तो आपोआप बसत नाही, हातानं आणि चिकाटीनं बसवावा लागतो. पहिल्याच आठवड्यात त्याच्या मागं लागलात तर तुम्ही लिनक्सलाच कंटाळाल. लॅपटॉपवर पीडीएफ करा, पेनड्राइव्हनं किंवा व्हॉट्सॲप वेबनं डेस्कटॉपवर न्या, छापा. पुढं प्रिंटर बदलायची वेळ आली तर घेण्याआधी त्या मॉडेलचं नाव आणि लिनक्स असं एकत्र शोधून बघा.

भाच्याला एक काम द्या, म्हणजे आर्चचा राग जाईल. मिंट बसल्यावर टाइमशिफ्ट चालू करायला सांगा. ते सिस्टिमच्या प्रती ठेवतं आणि एखाद्या अपडेटनं गडबड केली तर काल-परवाच्या स्थितीत परत नेतं. तुमच्या स्वतःच्या फाइली त्यात नसतात हे लक्षात ठेवा. त्यांची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा त्या केसिंगमधल्या जुन्या डिस्कवर. शिवाय एनीडेस्क लिनक्सवरही चालतं, ते दोन्हीकडे टाकलं की हिंजवडीत बसून त्याला तुमचा पडदा दिसेल. ओळख नसलेल्या कोणी फोन करून एनीडेस्कचा नंबर मागितला तर मात्र सरळ फोन ठेवायचा.

राहिला मुलगा. काली हे सुरक्षेची तपासणी करणाऱ्यांचं हत्यारांचं कपाट आहे. रोजच्या वापरासाठी किंवा लिनक्सची ओळख नसलेल्यासाठी ते नाही, असं त्याचे बनवणारेच त्यांच्या माहितीत लिहितात. २०२० पर्यंत तर त्यात थेट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला मालक, म्हणूनच लॉगिन व्हायचं, म्हणजे एक चुकीची आज्ञा आणि सगळं साफ. त्याला नाही म्हणू नका. रॅम ८ जीबी झाली की मिंटवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्रॅम, टाकून त्याच्या आत काली चालवू दे. तिथं काय वाटेल ते मोडलं तरी खिडकी बंद केली की संपलं. शिकायला स्वतःचं राउटर आणि स्वतःची दोन मशीनं भरपूर आहेत. शेजारच्यांच्या वायफायवर हात आजमावायचा नाही, हे मात्र त्याला समोर बसवून सांगा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, आणि इंटरनेटचं बिल तुमच्या नावावर येतं.

मोबाइलनं टिथरिंग करून ड्रायव्हर बघितल्यावरही वायफाय लागलं नाही, तर लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल आणि सिस्टिम रिपोर्टमध्ये नेटवर्कच्या पुढं लिहिलेलं कार्डाचं नाव मला कळवा. त्याशिवाय सांगणं म्हणजे अंधारात तीर.